उच्च प्राथमिक शाळेतील इंग्रजी : वाचन आणि लेखन

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याची हमी सामान्यतः आठवी इयत्तेपाशी संपते. त्यापुढेही पुष्कळ मुले शिकतात हे खरे. पण ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणारा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी, वडिलांच्या आजारपणामुळे दुकानात बसलेला थोरला, यांची शाळा पुष्कळदा तेथेच थांबते. महाराष्ट्रात जून २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. म्हणजे मराठी माध्यमातून आठवी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याने या भाषेला आयुष्यातील आठ वर्षे दिलेली असतात. या आठ वर्षांनंतर शिक्षक, गाईड व शिकवणी यांच्या मदतीवाचून त्यास इंग्रजीत काय वाचता येते आणि काय लिहिता येते, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

हा प्रश्न नवा नाही. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना त्यांनी बंगालमधील द्वैभाषिकतेविषयीचा आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकी फार थोडी शेवटपर्यंत टिकतात, हे त्यांनी पाहिले होते. विमापत्राची मुदत पुरी होण्यापूर्वी ते परत केल्यास काही रक्कम हाती पडते. विमा व्यवसायात तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यालाही असे मूल्य असले पाहिजे, असे वेस्ट यांचे प्रतिपादन होते. बोलणे अर्धवट शिकलेल्या मुलाच्या पदरात फारसे काही पडत नाही. मात्र ज्यास थोडेफार वाचता येते तो शाळा सुटल्यावरही आपले आपण पुढे जाऊ शकतो. म्हणून त्यांनी वाचनास अग्रस्थान दिले.

जुन्या मुंबई इलाख्यातील मराठी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षा अनेक वाचकांच्या वडीलधाऱ्यांनी दिली असेल. तीत इंग्रजीला स्थान नव्हते. तथापि ती उत्तीर्ण झालेला मनुष्य प्राथमिक शिक्षक होऊ शके, गावच्या लोकांचे अर्ज लिहून देई, कागद वाचून दाखवी. त्या सातवीस मोल होते. वेस्ट यांच्या काळी नसलेली श्रवणाची व संभाषणाची साधने आज घरोघरी पोहोचली आहेत, त्यामुळे वाचनच प्रथम हा त्यांचा आग्रह आज जसाच्या तसा धरण्याचे कारण नाही. पण त्यांची कसोटी मात्र कालबाह्य झालेली नाही.

वाचन म्हणजे केवळ उच्चार नव्हे

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील मुलांना इंग्रजीची मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये अशा चढत्या क्रमाने वाचावयास देतात. २०२२ च्या पाहणीत देशातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे पाव मुलांना सोपी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. ही वाक्ये चार-पाच शब्दांची, रोजच्या व्यवहारातील असतात. म्हणजे आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तेवढेही साधत नाही. आणि ज्यांना ती वाचता येतात त्या सर्वांनाच त्यांचा अर्थ सांगता येतो, असेही नाही.

ही दुसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे, कारण ती सहसा नजरेस येत नाही. वर्गात धडा खड्या आवाजात वाचून दाखविणारा विद्यार्थी हुशार समजला जातो. त्याचे पुस्तक हाती घेऊन पाहावे. पुष्कळदा प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला आढळतो आणि शब्दाच्या पायाशी मराठी अर्थ. असा विद्यार्थी इंग्रजी वाचत नसून देवनागरीच वाचत असतो. पुस्तक बदलले, पेन्सिलीची अक्षरे नाहीशी झाली की त्याचे वाचन संपते.

या सवयीचा दोष मुलांवर टाकता येणार नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची सांगड बहुतांशी पक्की असते; ‘क’ला काना दिला की ‘का’ होणार याची बालकास खात्री असते. इंग्रजीत वर्ण २६, पण मोठ्या व लहान लिपीमुळे त्यांच्या आकृती ५२, आणि ध्वनी सुमारे ४४. ‘ए’ या एकाच वर्णाचा उच्चार ‘कॅट’, ‘केक’, ‘कार’ आणि ‘बॉल’ या चार शब्दांत चार प्रकारे होतो. लहान लिपीतील ‘बी’ व ‘डी’ ही अक्षरे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत. ज्या मुलाला ही वाट कोणी पायरीपायरीने दाखविली नाही, तो ‘सी-ए-टी कॅट’ अशी घोकंपट्टी करतो. या घोकण्यात वर्णांची नावे पाठ होतात, त्यांचे ध्वनी नव्हेत. ‘सी’, ‘ए’ आणि ‘टी’ ही नावे जोडून ‘कॅट’ कधीच तयार होत नाही. वर्णाचे नाव आणि वर्णाचा ध्वनी यांतील हा भेद पहिली-दुसरीतच स्पष्ट व्हावयास हवा. सहावीत आलेल्या ज्या मुलास तो कळलेला नाही, त्याच्यासाठी शिक्षकाने संकोच न करता मागे जावे. सहावीच्या धड्यांवर खर्च केलेल्या कित्येक तासिकांपेक्षा असे दोन महिने अधिक उपयोगी पडतात.

धड्याखालच्या प्रश्नोत्तरांमुळे हा दोष झाकला जातो. एक निरर्थक वाक्य घेऊन हे पाहता येईल. ‘टिमरूने झोकळ पिंदले.’ आता प्रश्न : टिमरूने काय पिंदले? उत्तर : झोकळ. झोकळ कोणी पिंदले? टिमरूने. दोन्ही उत्तरे पूर्ण गुणांची आहेत आणि उत्तर देणाऱ्यास काडीचाही अर्थबोध झालेला नाही. प्रश्नातील शब्द धड्यात शोधावयाचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य उतरवून काढावयाचे, ही युक्ती मुले फार लवकर आत्मसात करतात. वर्षानुवर्षे तिच्यावर गुण मिळतात. नववीत, विशेषतः सेमी इंग्रजीच्या वर्गात, विज्ञानाचे पुस्तक समोर आले म्हणजे ती अकस्मात निरुपयोगी ठरते.

यास्तव प्रश्नच वेगळे विचारले पाहिजेत. घटना क्रमाने लावा. या मुलाने खोटे का सांगितले असावे. पुढील विधान खरे की खोटे, आणि ते कोणत्या ओळीवरून ठरविले. या उताऱ्यास मथळा सुचवा. अशा प्रश्नांचे उत्तर उतरवून काढता येत नाही. आरंभी ते मराठीत दिले तरी चालेल. अर्थ समजला आहे की नाही याची परीक्षा घेताना मातृभाषेतून उत्तर स्वीकारण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न समजता इंग्रजीत उत्तर उतरविण्यात.

मूकवाचन आणि अनोळखी शब्द

सहावीपासून प्रकटवाचनाचे प्रमाण कमी करून मूकवाचनाचे वाढविले पाहिजे. उतारा देण्यापूर्वी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी वर्गास पाच मिनिटे शांतपणे वाचू द्यावे. या पाच मिनिटांत शिक्षकाने बोलू नये. हे वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक वाक्य वाचून त्याचे लगेच मराठीत भाषांतर करून सांगण्याची पद्धत इतकी रुजली आहे की मुले इंग्रजी वाक्य संपण्याची वाटही पाहत नाहीत. त्यांचे कान मराठी वाक्याकडे लागलेले असतात.

अनोळखी शब्द अडला म्हणजे लगेच अर्थ सांगावा की काय? एखाद्या उताऱ्यात ‘ड्राउट’ हा शब्द आला आहे. त्याच्या मागेपुढे सांगितले आहे की दोन वर्षे पाऊस झाला नाही, विहिरी आटल्या, लोकांनी जनावरे छावणीत नेली. मराठवाड्यातील किंवा माणदेशातील मुलास या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. तो त्याच्या घरातलाच आहे. संदर्भावरून अर्थ ताडणे, तो ताडता न आल्यास शब्दकोश पाहणे, आणि ज्या शब्दावाचून काही अडत नाही तो सोडून पुढे जाणे, या तिन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. तिसरी तर मुळीच शिकविली जात नाही. प्रत्येक शब्दापाशी थांबणारा वाचक परिच्छेदाच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो.

किती शब्द यावेत? वेस्ट यांनीच १९५३ साली अधिक वापराच्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण लेखनातील दर पाच शब्दांपैकी सुमारे चार शब्द या यादीत सापडतात. आठवीच्या अखेरीस हे सर्व शब्द आले पाहिजेत असे नव्हे. तथापि कोणते शब्द आधी पक्के करावेत याचे उत्तर त्यातून मिळते. दुर्मीळ फुलांची आणि प्राण्यांच्या पिलांची नावे पाठ करविण्याआधी ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘बिकॉज’, ‘अनलेस’ हे लहान शब्द कळले पाहिजेत. ‘अनलेस’ या एका शब्दाने संपूर्ण सूचनेचा अर्थ उलटतो.

मराठी मुलाची एक ठेव मात्र वर्गात फारशी वापरली जात नाही. पंप, मीटर, बिल, स्विच, बस, स्टँड, डॉक्टर, इंजेक्शन, कोर्ट, सिमेंट, रिचार्ज असे कितीतरी इंग्रजी शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात. ध्वनी आणि अर्थ त्यास ठाऊक आहे, फक्त रूप ओळखावयाचे असते. अर्थात मराठीत येताना काही शब्दांनी आपले अर्थ बदलले आहेत. मराठीत ‘हॉटेल’मध्ये चहा पितात, आणि ‘क्लास’ लावतात तो शिकवणीचा. असे शब्द समोरासमोर ठेवून त्यांतला फरक मुलांनाच शोधू दिला तर अर्धी तासिका मोठ्या आनंदात जाते.

प्रयोजन असलेले वाचन

प्रा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास आदी ठिकाणच्या काही शाळांत एक प्रयोग चालविला. व्याकरणाचे नियम क्रमाने शिकविण्याऐवजी नकाशे, रेल्वेची वेळापत्रके यांसारखी सामग्री देऊन विद्यार्थ्यांपुढे सोडविण्याजोगी कामे ठेवावयाची, हे त्याचे सूत्र होते. एक काम आधी संपूर्ण वर्गाने शिक्षकासह चर्चा करून सोडवावयाचे आणि तसेच दुसरे प्रत्येकाने स्वतंत्रपणे. लक्ष अर्थावर खिळले की भाषेची रचना हळूहळू आपोआप अंगवळणी पडते, अशी त्यामागची धारणा होती. या पद्धतीच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले; आणि व्याकरण पूर्णपणे वगळावे असा निष्कर्ष त्यातून काढण्याचे कारणही नाही. पण कामापुरता धडा आपल्या शाळांनी अवश्य घ्यावा. इंग्रजीत लिहिलेले एस. टी.चे वेळापत्रक फळ्यावर लिहून, दुपारी बाराच्या आत तालुक्याला पोहोचण्यासाठी कोणती गाडी पकडावी लागेल, असे विचारले तर सारा वर्ग वाचू लागतो.

कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण हे असेच दुसरे साहित्य. तांबडा व पिवळा त्रिकोण असेल तर ‘पॉयझन’, निळा असेल तर ‘डेंजर’ आणि हिरवा असेल तर ‘कॉशन’ हा शब्द त्यासोबत असतो. विष, धोका आणि सावधगिरी या तीन शब्दांतील उतरती तीव्रता समजणे हा शब्दार्थाचा उत्तम पाठ आहे. रिकामा डबा मात्र वर्गात आणू नये. त्याचे चित्र पुरे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेस अनेक कारणे होती आणि डब्यावरील मजकूर वाचता आला असता तर ती टळली असती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या घरात असा डबा येतो त्या घरातील आठवीच्या मुलीला त्यावरील चार ओळी वाचता येऊ नयेत, हेही समर्थनीय नाही.

लेखन : स्वतःच्या नावापासून

लेखनाचा पहिला पाठ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचा असावा. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच एक नसते. ‘दीपाली’तील ‘दी’साठी कोणी दोन ‘ई’ लिहितो, कोणी एक ‘आय’. ‘ज्ञानेश्वर’ मराठी रीतीने ‘डी-एन-वाय’ने सुरू होतो, तर हिंदी उच्चार ऐकून लिहिणारा ‘जी-वाय’ने सुरू करतो. शाळेच्या रजिस्टरात एक, आधारपत्रात दुसरे, बँकेच्या पुस्तकात तिसरे असे झाले की शिष्यवृत्तीची रक्कम अडते, दाखला परत येतो आणि पुढे प्रतिज्ञापत्र व राजपत्रातील प्रसिद्धी यांचा खर्च कुटुंबाच्या माथी बसतो. सहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आपले नाव, वडिलांचे वा आईचे नाव, आडनाव, गाव, तालुका व जन्मतारीख, रजिस्टरात आहेत त्याच स्पेलिंगने, मोठ्या लिपीत, एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहिता आली पाहिजेत. आडनाव आधी मागितले आहे की शेवटी, हे वाचून लिहावयाचे असल्याने यात वाचनाचीही परीक्षा होते.

यानंतर वाक्य. येथे मराठीची घडण आड येते आणि शिक्षकास ती घडण ठाऊक असली तर चुका समजून घेता येतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून मूल ‘आय स्कूल गो’ लिहिते. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ गळतात. ‘टेबलावर’ यातील ‘वर’ नामानंतर चिकटतो, इंग्रजीत तो आधी व सुटा येतो. ‘मला भूक लागली आहे’, ‘माझ्याकडे सायकल आहे’, ‘मला दोन बहिणी आहेत’ या तिन्ही वाक्यांत बोलणारा कर्ता नाही. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय’ने आरंभ करावा लागतो. हा फरक नियम म्हणून सांगण्यापेक्षा अशी दहा वाक्ये फळ्यावर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी मांडावीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांचे इंग्रजी पोसले त्यांना ही तुलना अवगत होती. पुढे भाषांतराची पद्धत मागे पडली ती योग्य कारणांनी; पण तिच्याबरोबर दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टीही गेली, हे नुकसानच झाले.

वाक्य जमू लागले की सातवी-आठवीत परिच्छेद, निरोप, पत्र, अर्ज, रोजनिशी. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अध्ययन निष्पत्तींतही अशा लेखनाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात काय घडते? रजेचा अर्ज सर्वांना एकच पाठ असतो, त्यामुळे उत्तरपत्रिकांतून साऱ्या वर्गाला एकाच दिवशी ताप आलेला असतो. निबंधातील गाय सर्वांच्या गोठ्यात एकच, चार पायांची व दोन शिंगांची. ज्या मुलाच्या घरी खरोखरच म्हैस आहे तो म्हशीविषयी लिहू शकत नाही, कारण म्हशीचा निबंध गाईडात नाही. पाठ केलेल्या वीस निर्दोष ओळींपेक्षा त्या म्हशीविषयीच्या चार सदोष ओळी लेखन म्हणून श्रेष्ठ होत, आणि गुणदानात तसे दिसले पाहिजे. शिष्यवृत्ती परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. तिच्या तयारीत उत्तराचे वर्तुळ रंगविण्याचा सराव होतो, वाक्य लिहिण्याचा होत नाही. ज्या शाळा वर्षभर तेवढीच तयारी करून घेतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वह्यांचा प्रश्न

शिक्षकाची अडचणही खरी आहे. उच्च प्राथमिक वर्गासाठी कायद्याने ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले आहे. एका पानासाठी चार मिनिटे धरली तर ३५ वह्या तपासण्यास दोन तास वीस मिनिटे लागतात, आणि बहुतेकांकडे इंग्रजीचे एकाहून अधिक वर्ग असतात. मग लेखनच कमी दिले जाते. यावर व्यवहार्य तोडगा म्हणजे प्रत्येक चूक दुरुस्त करण्याचा आग्रह सोडणे. एका आठवड्यात केवळ क्रियापदाचे स्थान पाहावे, दुसऱ्यात केवळ वाक्यारंभीचे मोठे अक्षर व पूर्णविराम. चुकीखाली फक्त रेघ ओढावी, दुरुस्ती विद्यार्थ्याने करावी. शेजाऱ्याने ती पाहावी. लाल शाईने भरलेले पान मूल वाचत नाही, ते वही मिटून टाकते. आठवीत एकच परिच्छेद दोनदा लिहविणे हे दोन निरनिराळे परिच्छेद एकेकदा लिहविण्याहून अधिक फलदायी ठरते, कारण आपल्या लेखनात आपण बदल करू शकतो हे त्यामुळे कळते.

आपल्या शाळेची स्थिती जाणून घेऊ इच्छिणाऱ्या मुख्याध्यापकांस एक साधी चाचणी घेता येईल. जून महिन्यात नववीत आलेल्या मुलांना पुस्तकाबाहेरचा सुमारे शंभर शब्दांचा सोपा इंग्रजी मजकूर द्यावा. गावात होणाऱ्या नेत्रतपासणी शिबिराची सूचना असली तर उत्तमच. वेळ पंधरा मिनिटे. विचारणा नाही, शब्दार्थ नाहीत. त्यानंतर कागद परत घ्यावा आणि घरी आजोबांना घेऊन जाण्यासाठी थोरल्या भावाला इंग्रजीत पाच ओळींचा निरोप लिहावयास सांगावा. तो निरोप वाचून शिबिर कोठे, किती तारखेला, किती वाजता आहे आणि सोबत कोणता कागद न्यावयाचा आहे हे कळते काय, एवढेच पहिल्या फेरीत पाहावे. स्पेलिंगच्या चुका दुसऱ्या फेरीत मोजाव्यात.